दांडिया बाजारातल्या काकांना

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही फी घेत नाही, नाव सांगू देत नाही आणि तोंडावर आभार मानले की विषयच बदलता. पण वडोदऱ्यात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्यासारख्या मुलींना तुमच्या ओट्यावर काय मिळतं, ते चार लोकांना कळायला हवं.

रँडम कलरिंगमध्ये, म्हणजे यदृच्छेने रंग देण्याच्या गणितात, माझं एकाच जागी अडत होतं. ग्राफच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या जाळ्याच्या, प्रत्येक बिंदूला नाणं उडवून लाल किंवा निळा रंग द्यायचा, आणि दोन्ही टोकं एकाच रंगाची असलेल्या (एकरंगी) रेघा सरासरी किती, ते काढायचं. एका रेघेची संभाव्यता १/२, म्हणून उत्तर एकूण रेघांच्या निम्मं. पण त्रिकोणात दोन रेघा एकरंगी झाल्या की तिसरीला व्हावंच लागतं! एकमेकींत अशा गुंतलेल्या रेघांची सरळ बेरीज चालते कशी?

"सिद्धता नंतर, आधी त्रिकोण रंगवायचे आठही प्रकार लिही," म्हणालात. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी आठ त्रिकोण काढून ठिपके रंगवले. शेजारी तुम्ही तक्ता आखून दिलात, आठ ओळी, तीन रकाने. एकरंगी रेघेला १, नाहीतर ०. दोन ओळींत तीन-तीन, उरलेल्या सहांत एकेक. एकूण १२, भागिले ८, दीड. मग उभी बेरीज करायला लावलीत. प्रत्येक रकान्यात ४, म्हणजे तेच १२. रेघा स्वतंत्र असोत वा नसोत, तक्ता उभा बेरजा की आडवा, आकडा बदलणार कसा? ते पान मी अजून जपून ठेवलंय.

त्या एका तक्त्यामुळे गणितज्ञ पॉल एर्दोश यांचा १९४७ चा युक्तिवाद मला चक्क वाचता आला. सहा बिंदू, सगळे एकमेकांना जोडलेले, या वेळी रंग रेघांना. चार-चार बिंदूंचे गट १५. एका गटाच्या सहाही रेघा एकरंगी असण्याची संभाव्यता २/६४, म्हणजे १/३२. गट एकमेकांत अडकलेले, तरी सरासरी १५/३२. एकाहून कमी! म्हणजे असा एकही गट नसलेलं रंगकाम कुठेतरी असलंच पाहिजे, ते शोधून न काढताही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लगेच तुम्ही त्याच सहा बिंदूंमधले त्रिकोणही मोजायला लावलेत. त्रिकोण २०, सरासरी ५, आणि कसंही रंगवलं तरी निदान दोन एकरंगी राहतातच, हे सरासरीवरून कळत नाही. हे बजावून सांगणारं दुसरं कोणी मला भेटलं नव्हतं.

काका, मनापासून आभार. आता व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप, सुरू केलाय. बिंदूंना रंग दिले की कुठल्याही दोन रेघा एकमेकींपासून स्वतंत्र निघतात, त्रिकोणातल्यासुद्धा, असं मला दिसतंय. रविवारी वही घेऊन येते, तपासून द्या.

काकूंना नमस्कार.

आपली विद्यार्थिनी