बाबा, पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियनलाच बोलवायचं

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा हसून टाळतात आणि आई म्हणते जाऊ दे गं, त्यांना आवड आहे, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. मधे कुठेतरी बाबांना राग येईल, तरी शेवटपर्यंत वाचा.

पंख्याचा कंडेन्सर, बाथरूमच्या बाहेरचं बटण, बेडरूममधला काळा पडलेला प्लग, एवढ्याशा कामाला माणूस कशाला म्हणून बाबा स्वतः स्टूलवर चढतात, आणि बाबांना कंटाळा आला की तो ओळखीचा मुलगा येतो जो नळ पण बसवतो, केबल पण ओढतो आणि लाईटचं पण "बघून देतो". बाबा, तुमचा हात चांगला आहे यात वादच नाही, लहानपणापासून बघतेय. पण काम छोटं असलं म्हणून बटणाच्या मागचा शॉक छोटा होत नाही ना. गिझरच्या वायरीत जेवढे व्होल्ट तेवढेच त्या एवढ्याशा बटणाच्या मागे.

तुमचं ठरलेलं उत्तर म्हणजे "काही झालंच तर एमसीबी पडेल की". नाही पडणार बाबा. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं ते बटण, असतो वायर वाचवायला, माणूस वाचवायला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर, आणि माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जरा वेळ गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे शॉक लागून माणूस चिकटलेला असताना एमसीबीला काही झालंय हे कळतच नाही. त्यासाठी वेगळा असतो तो आरसीसीबी. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडतो. आपल्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या त्या पेटीत, तो आहे का, असला तर चालतो का, हे कुणालाच माहीत नाही. आणि तो असला तरी एक हात फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, आणि दुसरा न्यूट्रलला, म्हणजे परत नेणाऱ्या वायरीला लागला तर त्याला काही फरक दिसत नाही, त्याला वाटतं बल्बच लागलाय.

दुसरा तुमचा लाडका टेस्टर. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन बंद आहे असं नसतं हो. पायात रबरी चप्पल, खाली लाकडी स्टूल, खिडकीतून भरपूर उजेड, अशात त्यातला तो बारीक दिवा पेटलेला दिसत पण नाही कधीकधी. उलट कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असेल तर तो दोन्ही भोकांत पेटतो आणि चांगल्या चांगल्यांचा गोंधळ उडतो. आणि इन्व्हर्टर विसरू नका! मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरची लाईन चालूच असते, आणि कुठला पंखा इन्व्हर्टरवर आहे हे तुम्ही नेहमी आठवून सांगता, डीबीवर कुठे लिहिलेलं नाही. शिकलेला माणूस व्होल्ट मोजायचा छोटा मीटर आधी चालू पॉइंटला लावून मीटर नीट दाखवतोय ना ते बघतो, मग ज्या पॉइंटवर काम आहे तिथे बघतो, मग परत चालू पॉइंटला लावतो. मी असं करणाऱ्याला बघितलंय. मला आधी वाटलं काय हा वेळ घालवतोय, मग विचारल्यावर म्हणाला मधेच मीटरचा सेल गेला असेल तर मला कसं कळणार.

आई आता तुझ्यासाठी. तू दोन गोष्टी अगदी सहज बोलून गेलीस आणि मला त्यानंतर झोप नाही. एक, पॅसेजमधला एलईडी बंद केला तरी रात्री मिणमिणतो. याचं कारण साधंही असू शकतं, बटणातला तो लाल इंडिकेटर किंवा शेजारून गेलेली लांब वायर. पण असंही असू शकतं की कुणीतरी बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकलंय, म्हणजे बटण बंद केल्यावर दिवा जातो पण होल्डर जिवंतच राहतो, आणि आपण निवांत बंद आहे म्हणून बल्ब बदलायला हात घालतो. दुसरी, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून तू चप्पल घालून कपडे टाकतेस. आई गं! चप्पल घालणं हा उपाय नाही, त्याचा अर्थ मशीनचं अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत सोडणारी वायर, गेलंय किंवा कधी नव्हतंच. काही जण तर सॉकेटमधे अर्थची वायर सापडली नाही की न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात, दिसायला सगळं छान चालतं, आणि ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटतो त्या दिवशी मशीनचा सगळा पत्रा फेजवर येतो. हे पहिलं दाखवायचं. तोपर्यंत मशीन लावू नकोस, प्लग काढून ठेव, प्लीज.

काळ्या पडलेल्या प्लगचं पण सांगते कारण त्या मुलाने नवीन सॉकेट बसवून दिला आणि तुम्ही खूश झालात. सॉकेट कशामुळे जळला हे त्याने बघितलं का? बहुतेक वेळा कारण असतं लूज कनेक्शन. स्क्रू ढिला असला की तिथे वायर तापते, तापली की अजून ढिली होते, आणि करंट वाढलेला नसतो म्हणून एमसीबी शांत बसून राहतो. आधी नुसता वास येतो, जळक्या प्लास्टिकचा, कधी मासळीसारखा, किंवा बोर्डातून बारीक चरचर आवाज. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, तेही मिनिटंच्या मिनिटं, त्याला घट्ट जोड लागतो. आतली तापून कडक झालेली वायर तशीच ठेवून वर नवीन सॉकेट लावला तर तोही जळणार. चांगला माणूस ती वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापतो, मग जोडतो. आणि बाबा, मागे एक एमसीबी सारखा पडत होता तो त्या मुलाने "मोठा टाकून दिला" म्हणालात ना, ते मला सगळ्यात जास्त खटकलंय. तो पडत होता कारण काहीतरी बिघडलं होतं. आता वायर तीच बारीक आणि एमसीबी मोठा, म्हणजे आधी वायर जळणार मग तो पडणार.

आता माणूस कसा बघायचा. लायसन्स आहे का सरळ विचारायचं, लाजायचं नाही, ज्याच्याकडे असतं त्याला राग येत नाही. पण नुसत्या कागदावर जाऊ नका. फोनवर तो काय विचारतो ते ऐका, कधीपासून होतंय, काय चालू असताना होतं, वास येतो का, असं विचारणारा चांगला. आल्यावर पिशवीत मीटर हवा, मेन त्याने स्वतः बंद करावा, दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळायला लागला की तिथेच थांबवायचं. "अर्थिंग नसलं तरी चालतं" म्हणाला तर नमस्कार करून पाठवून द्या. आणि एखाद्या कामाला तो "हे मी असं करून देणार नाही" म्हणाला तर बाबा, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मते आपण पैसे त्या नाही म्हणण्याचेच देतो, जोडून काय कुणीही देतं.

एका बटणासाठी बोलवायला संकोच वाटतो ते मला कळतं, खरंच कळतं, बरेच जण एवढ्याशा कामाला येत पण नाहीत. म्हणून कामं साठवायची. आईने कॅलेंडरच्या मागे लिहीत जावं, कुठलं बटण, कुठला पंखा, कुठे वास, आणि यादी झाली की एकदाच बोलवायचं. फक्त वास, झिणझिण्या, ठिणग्या आणि गरम झालेला बोर्ड यादीत थांबणार नाहीत, त्यासाठी त्या भागाचा एमसीबी बंद करून लगेच फोन.

बाबा, तुम्हाला काम नाही असं नाही. तो आला की उभं राहून सगळं विचारा, तुम्ही विचारलेलं त्यालाही आवडेल. डीबीवर प्रत्येक एमसीबीखाली काय चालतं ते लिहून घ्या, इन्व्हर्टरची लाईन लाल पेनने, सगळ्या घराच्या वायरींचं इन्सुलेशन (वरचं आवरण) मेगरने, म्हणजे ते तपासायच्या खास मीटरने, तपासायला सांगा, आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्या. वायरिंग आपल्या घराएवढंच जुनं आहे हेही त्याला सांगा. स्टूल मात्र नाही. साधा चटका बसला तरी हात झटकला जातो आणि माणूस मागे पडतो, शॉकने काही न होता पडून खुबा मोडतो, आणि मान वर केली की तुम्हाला गरगरतं हे आईने मला सांगितलंय, तिच्यावर चिडू नका.

आरसीसीबी बसला की त्यावर टेस्ट लिहिलेलं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, लगेच पडला पाहिजे, नाही पडला तर तो बदलायचा. हे काम तुमचं. फक्त दाबायच्या आधी आईला हाक मारा, नाहीतर तिची मालिका ऐन वेळी बंद पडेल आणि मग मला फोन येईल.

तुमची,
मनू

ता. क. वॉशिंग मशीनचा प्लग काढला का ते आजच कळवा.