महिला आरोग्य समित्या आहेत कुठे?

संपादक साहेब, नमस्कार,

गोवंडीत टीबी एवढा का, तर औषधं नाहीत म्हणून नाही, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगा इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही, मग आजार घरातल्या घरात फिरत राहतो. आणि कोण महिनाभर खोकतंय, कोणी बरं वाटलं म्हणून सहा महिन्यांचा कोर्स मधेच सोडला, कोण सुनेचा आजार लपवतंय, हे डॉक्टरला केबिनमधे बसून कळत नाही, शेजारच्या बाईला कळतं.

2013 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात यासाठीच महिला आरोग्य समिती, म्हणजे वस्तीतल्याच बायकांचा गट आहे, साधारण 50 ते 100 घरांमागे एक, वर्षाला 5000 रुपये निधी (फार कमी आहे, वाढवायलाच पाहिजे). पण वस्तीतल्या किती बायकांना हे माहितीय? वस्तीतलेच लोक सोबत असले की काम होतं, धारावीत 2020 ला कोरोना आटोक्यात आला तेव्हा पालिकेसोबत तिथले लोकल डॉक्टर पण दारोदार फिरलेच होते ना.

प्रत्येक आरोग्य केंद्राने आपल्या भागातल्या समित्यांची यादी आणि खर्च बाहेर बोर्डवर लावावा, आणि तुम्ही यावर एकदा बातमी कराच, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, गोवंडी