भूतानला हिवाळ्यात दिवसाची वीज द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भूतानच्या जलविद्युतेची बातमी आली की मेगावॅट मोजले जातात. चुखा ३३६, मांगदेछू ७२०, ताला १,०२०. हे आकडे भर पावसाळ्यातले. जानेवारीत साऱ्या देशाचं उत्पादन क्षमतेच्या जेमतेम पंचमांशावर येतं आणि २०२२ पासून भूतान हिवाळ्यात भारताच्या वीज बाजारातून खरेदी करतो.

कोयनेमागे १०५ टीएमसीचा शिवसागर आहे, त्यामुळे पोफळीचे वीजसंच पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरतात. भूतानचे मोठे प्रकल्प मात्र वाहत्या पाण्यावरचे. बंधाऱ्यामागे काही तासांपुरतंच पाणी अडतं. नदी उतरली की बहुतेक संच बंद. बरं, पावसाळाही सुखाचा नाही. गारगोटीचे कण असलेला गाळ टर्बाइनची पाती खरवडतो, तो मर्यादेबाहेर गेला की संच थांबवावे लागतात. मोठी धरणं बांधा म्हणणं सोपं आहे. भूतानच्याच पुनात्सांगछू-१ प्रकल्पावर २०१३ मध्ये उजव्या काठाचा डोंगर घसरला आणि धरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलं.

म्हणून उपाय आपल्या धोरणात शोधावा लागेल. हिवाळ्यात दुपारी आपल्याकडे सौरवीज मुबलक असते, भाव पडलेले असतात; संध्याकाळी तेच भाव चढतात. भूतानने दुपारी भारताची वीज घ्यावी, संच थांबवून बंधाऱ्यात पाणी साठू द्यावं आणि दिवे लागणीच्या तीन-चार तासांत ते टर्बाइनवर सोडावं. त्या वेळची महाग खरेदी तेवढी वाचेल. दोन्ही देशांना जोडणाऱ्या वीजवाहिन्या आहेतच, पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या त्या हिवाळ्यात मोकळ्या असतात.

दुसरं म्हणजे वीज-बँकिंग. हिमाचल उन्हाळ्या-पावसाळ्यात शेजारच्या राज्यांना वीज देतो आणि थंडीत परत घेतो. तोच हिशेब भूतानशी दीर्घ मुदतीचा असावा. घोडं अडतं ते तपशिलात: पारेषण आकार (वीज वाहून नेण्याचं शुल्क) आणि वाटेतली गळती कोणाच्या माथी, परतीची युनिटं दुपारची की संध्याकाळची, किती वीज द्यायची याच्या १५-१५ मिनिटांच्या वेळापत्रकात नदी अचानक उतरली तर दंड कोणी भरायचा. ही कलमं मोघम ठेवली तर छोटा देश दर वेळी तोट्यात जाईल. ती सप्टेंबरपर्यंत ठरली तरच येत्या हिवाळ्याचं वेळापत्रक बसेल.

आपला,
वीज क्षेत्रातील एक वाचक, पुणे