डॉक्टर, तुम्ही खुर्ची सोडलीत

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार. आम्ही कदाचित तुमच्या लक्षातही नसू. सिडकोतलं जोडपं, नसबंदीनंतर दुखणं थांबत नाही म्हणून आलेलं. माझे मिस्टर केबिनमध्ये येऊन खुर्चीच्या कडेवर, एका अंगावर टेकले. तुम्ही फाइल उघडायच्या आधी ते पाहिलंत. "बसवत नाहीये ना? उठा, उभ्यानेच बोलू," म्हणालात आणि स्वतःही उठलात. कपाटाला पाठ लावून तुम्ही, टेबलाची कड धरून मिस्टर, आणि खुर्चीत मी एकटी! बाहेर नंबर खोळंबलेले. रिसेप्शनवरच्या ताई दार लोटून डोकावून गेल्या, तरी तुम्ही शेवटपर्यंत बसला नाहीत.

औषधांचा गुण आलाच. पण माणूस सुधारायला लागला तो त्या दिवसापासून, असं मी तरी धरून चालते.

कारण त्याआधी काय काय ऐकलं! ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणाले, "बिनटाक्याचं काम, दुखेल कशाला?" दुसऱ्यांनी हसून मनाचे खेळ ठरवले आणि झोपेची गोळी लिहून दिली. सातपूरला कंपनीत चेष्टा नको म्हणून हर्नियाचं सांगितलेलं. सासूबाईंचं एकच पालुपद, "मग बायका कशाला असतात?" माझी दोन सिझेरियन झालेली. पुन्हा तुझ्या पोटाला कात्री नको, म्हणून हा माणूस आपणहून पुढे झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नसबंदीचा भार बायकांवर ३७.९ टक्के, पुरुषांवर अवघा ०.३. त्या मूठभरांतला एक जण दुखतंय म्हणाला, तर त्यालाच खुळ्यात काढायचं?

घरात वेगळीच तऱ्हा. मिस्टर हॉलमध्ये झोपायला लागले. जवळ गेलं की अंग चोरायचे. माझ्यापायी हे झालं म्हणून राग धरलाय, असं मला वाटे. आपण आता पुरुष उरलो नाही, असं त्यांना. बोलणं उरलं ते दूध-भाजीचं आणि पोरांच्या फीचं.

तुम्ही पॅडच्या मागच्या बाजूला पेनाने नळ्या काढून दाखवल्यात. वाट बंद झाली तरी बीज तयार होतच राहतं, मागे ताण येऊ शकतो, कापल्या टोकाशी बारीक गाठही धरते. शंभरात एक-दोघांचं दुखणं असं लांबतं. पुरुषी हार्मोन मात्र रक्तातून जातं, त्याचा या नळीशी संबंध नाही. हे शेवटचं तुम्ही दोनदा सांगितलंत, एकदा त्यांना आणि एकदा मला. वर, "दुखलं तर थांबा, बायकोला सांगा, त्यात लाजायचं काय?" इतकं सरळ आमच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

आता मिस्टर पुन्हा गाडीवर कामाला जातात. खड्ड्यातून जाताना तोंड वाकडं होतं, पण ते नाशकात सगळ्यांचंच होतं! झोपायला आतल्या खोलीत असतात, एवढं लिहिलं की तुम्हाला कळेल.

कॉलेज रोडला नि गंगापूर रोडला हुशार डॉक्टरांच्या पाट्यांवर पाट्या आहेत. पेशंटला बसवत नाही म्हणून स्वतः उठणारा मी एकच पाहिला.

दिंडोरीला माझ्या माहेरची द्राक्षबाग आहे. मागच्या वेळी आणलेली पेटी ताईंनी दारातूनच परत पाठवली. या हंगामात त्यांना आधीच सांगून ठेवा, घ्यायचीच आहे.

तुमच्या पेशंटची बायको,
सिडको, नाशिक