टायमिंग बेल्टसोबत टेन्शनर, वॉटर पंप आणि सीलही बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाहनांच्या देखभालीविषयी छापून येणाऱ्या सल्ल्यांत टायमिंग बेल्टच्या (पिस्टन हलवणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखणारा दातांचा रबरी पट्टा) वाट्याला साधारण एकच ओळ येते: अमुक किलोमीटर झाले की बेल्ट बदलून घ्या. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या डिझेल व्हॅनला ही ओळ पुरत नाही. तेवढ्यावर विसंबून फक्त बेल्ट बदलला जातो, बाकीचे जुने सामान तसेच राहते, आणि काही महिन्यांत नवा बेल्ट इंजिनासकट जातो. असे होऊ नये म्हणून हे सविस्तर पत्र.

जुन्या डिझेल इंजिनांत, विशेषतः इंडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात फवारणाऱ्या), कॉम्प्रेशनचे प्रमाण २० ते २३ पट असते. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मधे जवळजवळ जागाच उरत नाही. त्या क्षणी व्हॉल्व्ह मिटलेले असतील याची जबाबदारी बेल्टवर असते. तो तुटला किंवा काही दात सरकला तर व्हॉल्व्ह वाकतात, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर मोडतात, कधी कॅमशाफ्टही तुटतो. शिवाय यांतल्या बऱ्याच इंजिनांत डिझेलचा इंजेक्शन पंप आणि पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे पेट्रोल इंजिनातल्या बेल्टपेक्षा त्याच्यावर ओढ जास्त पडते.

बदलण्याचे अंतर इंजिनागणिक वेगळे असते. कुठे ६० हजार किलोमीटर, कुठे १ लाख, कुठे त्याहून अधिक. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा प्रमाण मानावा, पण जोडीला वर्षेही मोजावीत. रबर वयाने आणि उष्णतेने कडक होते, म्हणून गाडी कमी चालली तरी पाच वर्षांनंतर बेल्टवर भरवसा ठेवू नये. व्हॅनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. माल चढवता-उतरवताना इंजिन तासन्‌तास चालू राहते; किलोमीटर वाढत नाहीत, बेल्ट मात्र फिरतच असतो. जुन्या गाड्यांत तर मीटरची केबलच अनेकदा तुटलेली असते. टोयोटाच्या जुन्या डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो आणि पुष्कळ चालकांचा समज असा की बेल्ट खराब झाला की तो लागेल. त्या दिव्याचा बेल्टच्या प्रकृतीशी काहीच संबंध नसतो. मीटरवर ठरलेले अंतर झाले की तो लागतो, एवढेच. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

आता मुख्य मुद्दा. बेल्ट आपणहून क्वचितच मरतो, बहुतेक वेळा शेजारचे सामान त्याला मारते. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुल्या) यांच्या बेअरिंगमधले ग्रीस वाळते, बेअरिंग डुलते, बेल्ट एका कडेला घासत जातो. वॉटर पंपाचे बेअरिंग जाम झाले तर बेल्टचे दात सोलून निघतात. क्रँकचे किंवा कॅमचे ऑइल सील पाझरू लागले की ऑइलने रबर फुगते आणि दात मुळापासून सुटतात. इंजेक्शन पंपाच्या शाफ्टमधून गळणारे डिझेलही तेच करते. म्हणून बेल्ट, टेन्शनर, सगळे आयडलर, बेल्टवर फिरणारा वॉटर पंप, क्रँकचे पुढचे सील आणि कॅमचे सील हे सगळे एकाच वेळी बदलावे. समोरचे सगळे उघडण्यातच या कामाची बहुतेक मेहनत जाते. ती एकदा झाल्यावर जुना पंप तसाच ठेवण्यात कसलीही बचत नाही.

काही इंजिनांत बेल्ट दोन असतात, हे आधीच माहीत करून घ्यावे. मित्सुबिशीच्या ४डी५६ या डिझेल इंजिनात थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचा लहान बेल्ट वेगळा आहे. तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली जातात आणि मग दोन्ही जातात. फोक्सवागन टी४ च्या पाच सिलिंडरच्या टीडीआय इंजिनात इंजेक्शन पंपाचा बेल्ट मागच्या बाजूला आहे. पुढचा बदलला आणि मागचा विसरला, अशी गाडी अर्ध्याच कामाची झाली.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. गरम झाल्यावर हेड आणि ब्लॉक प्रसरण पावतात, बेल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे गरम इंजिनावर बसवलेला ताण थंडपणी ढिला पडतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतून तापणारे प्लग) काढून ठेवले तर कॉम्प्रेशन राहत नाही आणि क्रँक हाताने सहज फिरतो. इंजिन आडवे बसवलेले असेल तर सहसा एका बाजूचे माउंटिंग सोडवावे लागते. तेव्हा इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्यावा, नुसता जॅक लावला तर चेंबर दबते.

क्रँक पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. तो सोडवताना टायमिंगच्या लॉकिंग पिनांवर जोर देऊ नये. पिना जागा दाखवण्यासाठी असतात, त्यांना पान्याचा मार झेपत नाही. फ्लायव्हीलचे दात धरणारे हत्यार वापरावे; ते नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. बोल्टवर पाना अडकवून स्टार्टर मारण्याची युक्ती अजून चालते. ती हात मोडणारी आहे. बोल्ट ताणून आवळण्याच्या जातीचा असेल तर नवाच घालावा, आणि परत आवळताना पुस्तकातला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळावा. तो ढिला राहिला तर पुलीची चावी (पुलीला शाफ्टवर अडकवून ठेवणारा धातूचा तुकडा) तिच्या खाचेत हलते, खाच झिजते आणि नवा कोरा बेल्ट असूनही टायमिंग हुकते.

क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणावा. क्रँक किंवा फ्लायव्हील, कॅम आणि इंजेक्शन पंप या तिन्ही जागी पिना किंवा बोल्ट बसतात का पाहावे. जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर रंगाच्या खुणा करून तशाच नव्यावर उतरवण्याची पद्धत जोडीला ठीक, पण तेवढ्यावर थांबू नये: जुना बेल्ट आधीच एक दात चुकलेला असेल तर ती चूकच आपण जपून ठेवतो. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. कॅम एवढा हुकला तर इंजिन मरगळते, काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. पंप एवढा मागे पडला तर पांढरा धूर निघतो किंवा गाडी चालूच होत नाही. पुढे गेला तर जोराचे ठोके पडतात.

बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम वेगवेगळे फिरवू नयेत. कॅम फिरवणे भागच असेल तर आधी क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा मागे घ्यावा. चार सिलिंडरच्या इंजिनात तेव्हा चारही पिस्टन मध्यावर येतात आणि व्हॉल्व्हला जागा मिळते.

जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नये. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावून ते सरळ दाबावे. शाफ्टवर जुन्या सीलने चरा पाडला असेल आणि सीलच्या घरात जागा असेल, तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालतो.

नवा बेल्ट दुमडू नये, उलटा करू नये, बेल्टने पुली धरून बोल्ट सोडवू नये. आतले काचेचे धागे एकदा चिरडले की वरून काहीच दिसत नाही आणि पुढे बेल्ट सरळ आडवा तुटतो. बसवताना क्रँकपासून सुरुवात करावी, टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ ठेवत पंप आणि कॅमवर चढवावा, ढिलाई सगळी टेन्शनरच्या बाजूला आणावी. काही इंजिनांत कॅमची पुली चावीशिवाय निमुळत्या टोकावर बसते. तिथे पुली मोकळी ठेवून आधी ताण द्यावा, मग बोल्ट आवळावा.

ताणाबाबत सर्वांत जास्त चुका घट्ट करण्याच्या होतात, कारण घट्ट बेल्ट हाताला सुरक्षित वाटतो. तो चालताना शिट्टीसारखा आवाज करतो आणि नवा वॉटर पंप व टेन्शनर दोन्ही खातो. ढिला बेल्ट स्टार्टर मारताना दात उडवतो. टेन्शनरवर खूण असेल तर खुणेप्रमाणे, स्प्रिंगचा असेल तर स्प्रिंगलाच त्याचे काम करू द्यावे. सर्वांत लांब टप्प्यावर बोटांनी पाव वळण देऊन पाहण्याची जुनी रीत पुस्तकात सांगितली असेल तिथेच वापरावी.

मग सगळ्या पिना काढाव्यात. विसरलेली पीन पंपाचे घर फोडते. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. दोन यासाठी की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा आणि पंपाचा एक फेरा होतो आणि खुणा पुन्हा जागेवर येतात. कुठेही टणक अडकले तर तिथेच थांबावे, जोर लावू नये. पिना पुन्हा बसतात का आणि ताण तोच आहे का हे तपासल्यावाचून चावी फिरवू नये. घाईत नेमकी ही पायरी गळते. व्हॅनमालकाने कामाच्या जागी हजर राहून एवढी एक गोष्ट बघितली तरी पुष्कळ.

पंप बदलल्यावर कूलंट सावकाश भरावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. मागे वेगळा हीटर असलेल्या व्हॅनच्या लांब नळ्यांत हवा अडकते आणि पहिल्याच फेरीत इंजिन तापते.

जुना बेल्ट टाकून देण्याआधी नीट पाहावा. कडा उसवलेल्या असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा टेन्शनरचा स्टड वाकला आहे. सलग काही दात सोललेले असतील तर काहीतरी जाम झाले होते. पंप, कॅम हाताने फिरवून कारण शोधावे, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल. बेल्ट चिकट आणि फुगलेला असेल तर गळती अजून शिल्लक आहे.

चालत्या गाडीत बेल्ट तुटलाच, तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून किंवा गिअरमध्ये ओढूनही चालू करू नये. प्रत्येक फेऱ्यात आणखी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हेड न उघडता नवा बेल्ट चढवून बघण्याचा मोह होतो. निदान त्याआधी वरचे कव्हर काढून व्हॉल्व्हचा गॅप (रॉकर किंवा कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजावा. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, म्हणून त्याचा गॅप बाकीच्यांपेक्षा बराच जास्त येतो. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने ही फट आपोआप भरून काढणारे) असतील तर गॅप कळत नाही, तिथे प्रत्येक सिलिंडरला हवेचा दाब देऊन गळती तपासावी लागते.

आपला,
डिझेल वाहनांच्या दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक