गाडीत चार्जिंगचा खोटा दावा आणि ग्राहक सेवेने दिलेला धोकादायक सल्ला

दि. १० सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पोर्टेबल पॉवर स्टेशनच्या गाडीतील चार्जिंगबाबत दिशाभूल, आणि मोठा फ्यूज टाकण्याचा सल्ला दिल्याबाबत तक्रार

महोदय,

मी जुलै महिन्यात आपल्या कंपनीचं १०२४ वॅट-तास क्षमतेचं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, ६४,९९९ रुपयांना घेतलं. माझ्या वडिलांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री त्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं विजेवरचं सीपॅप मशीन लावूनच झोपावं लागतं. गणपतीला आम्ही गुहागरला गावच्या घरी जातो आणि पावसाळ्यात तिथे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. खरेदीमागे एवढं एकच कारण होतं, आणि ते मी विक्रेत्यालाही सांगितलं होतं.

आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘गाडी चालवता चालवता तीन तासांत फुल चार्ज’. विक्रेताही म्हणाला, घरून भरून न्यायची गरजच नाही, वाटेत होतं. त्या भरवशावर २५ ऑगस्टला सकाळी १२ टक्क्यांवर असलेलं स्टेशन पुण्यातून गाडीत ठेवलं आणि डब्यात आलेली केबल लायटर सॉकेटला लावली.

स्क्रीनवर आकडा आला ९६ वॅट. दोन तासांनी उंब्रजच्या आसपास पाहिलं तर चार्ज ३१ टक्के. हिशोब सोपा आहे. शंभर वॅटच्या आत वीज येत असेल तर १०२४ वॅट-तास भरायला अकरा तास लागतात, आणि घट धरली तर त्याहूनही जास्त. तीन तासांत भरायचं तर तिप्पट-चौपट वीज हवी. आमच्या गाडीच्या लायटर सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा आहे. म्हणजे १२ व्होल्टला हिशोबाने १८० वॅट, तेही अगदी काठावर आणि थोडा वेळ. जाहिरातीतला वेग त्या सॉकेटमधून मिळणं शक्यच नाही.

मी तिथूनच आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, ॲपमध्ये कार इनपुट ‘हाय’ करा. केलं. आकडा २४० च्या आसपास गेला आणि काही मिनिटांत सॉकेट बंद पडलं. केबलचा प्लग काढताना बोटाला चटका बसला, इतका तो तापला होता. पुन्हा फोन केला, तर दुसऱ्या प्रतिनिधीने सांगितलं, “फ्यूज गेला असेल सर, पंचवीसचा टाकून घ्या, होऊन जाईल.”

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गाडीचं वायरिंग करणाऱ्याकडे गेलो आणि तुमच्या माणसाने सांगितलं तेच त्याला सांगितलं. त्याने जळका निळा फ्यूज चिमट्यात धरून मला दाखवला, आतली पट्टी मधोमध तुटलेली होती. म्हणाला, “हा गेला म्हणून वायर वाचली. पंचवीसचा टाकला असता तर फ्यूज तसाच राहिला असता आणि डॅशबोर्डच्या आत वायर पेटली असती.” त्याने १५ चाच नवा बसवला. पंचवीसचा त्याच्याकडे होता, तरीही टाकला नाही. मागच्या सीटवर आई आणि वडील बसले होते. त्या क्षणी हा सल्ला अमलात आला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

गुहागरला संध्याकाळी पोचलो तेव्हा गावात लाईट नव्हतीच. स्टेशनवर ४१ टक्के होते. रात्री दहाला मशीन सुरू केलं, पहाटे चारला ते बंद पडलं. वडील घाबरे होऊन उठले आणि उजाडेपर्यंत ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिले. ते ७४ वर्षांचे आहेत.

नंतर चौकशीत कळलं की तीन तासांचा आकडा आपल्या वेगळ्या चार्जरचा आहे. तो जाड वायरने थेट गाडीच्या बॅटरीला जोडावा लागतो, त्या वायरला स्वतःचा फ्यूज लागतो आणि हा चार्जर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. चार्जर चांगला असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी जी केबल विकत घेतली तिच्यावर दुसऱ्याच वस्तूचा वेग दाखवणं ही फसवणूक आहे. जाहिरातीत, खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

माझ्या मागण्या अशा. स्टेशन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. जाहिरातीत आणि खोक्यावर लायटर सॉकेटने किती वॅट मिळतात आणि किती तास लागतात, हे चार्जरच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावं. आणि सगळ्यांत आधी, मोठा फ्यूज टाकण्याचा सल्ला यापुढे कोणत्याही ग्राहकाला दिला जाणार नाही, हे मला लेखी कळवावं. माझे दोन्ही कॉल २५ ऑगस्टच्या सकाळचे आहेत, आपल्याकडे त्यांचं रेकॉर्डिंग असेलच. ते वरिष्ठांनी स्वतः ऐकावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर १९१५ ला तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : बिलाची प्रत, स्क्रीनचे तीन फोटो, जळलेल्या फ्यूजचा फोटो