आयटीतलं ‘सोयीचं’ काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत करिअरच्या पानावर बिझनेस ॲनालिस्ट आणि प्रोजेक्ट मॅनेजर या कामांवर लेख होता. कोडिंग न आवडणाऱ्या मुलींसाठी ‘आयटीतलं सोयीचं क्षेत्र’ अशी त्याची भलामण होती. आमच्या गल्लीतल्या एक बाई तो कापून माझ्याकडे घेऊन आल्या. मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. “नुसतं बोलायचं काम हाय म्हणं, आमच्या पोरीला जमंल,” म्हणाल्या. मधली अडीच वर्षं सोडली तर २००५ पासून मी आयटीतच आहे, आणि ‘सोयीचं’ हा शब्द काही केल्या घशाखाली उतरला नाही.

मी लातूरचीच. २००४ साली इथंच बी. ई. कॉम्प्युटर झाले आणि पुढच्या वर्षी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेले. पहिली पाच वर्षं टेस्टर होते, म्हणजे तयार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. तेव्हा सारखं जाणवायचं की निम्म्या चुका कोडच्या नसतातच. क्लायंटने सांगितलेलं एक असतं, कागदावर उतरलेलं दुसरंच. तो कागद नीट उतरवायचं काम बीएचं, म्हणजे बिझनेस ॲनालिस्टचं, म्हणून २०१० मध्ये तिकडे वळले. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन लातूरला आले, ती अजून इथंच आहे.

बीए काय करते ते एका उदाहरणाने सांगते. २०२३ मध्ये आमच्याकडे धान्यखरेदीचं सॉफ्टवेअर आलं. आडत दुकानं आणि हमीभाव केंद्रं, दोन्हीकडे चालेल असं. माझे वडील, अण्णा, मार्केट यार्डात एका आडतीवर तीस वर्षं मुनीम होते. पुण्यातल्या टीमने स्क्रीनवर ‘वजन’ असा एकच रकाना ठेवला होता. अण्णांना दाखवला तर म्हणाले, “अन् बारदाना कुठं वजा करायलीस?” रिकाम्या पोत्याचं वजन, ओलावा, हमाली, तोलाई असं एकेक पुढं येत गेलं. माल तोलणारा मापाडी काय लिहितो आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदावर, म्हणजे पट्टीवर, काय येतं, हे त्यांनी मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. तो कागद आजही माझ्या फाइलीत आहे.

ओलाव्याचा मुद्दा सगळ्यात जास्त चिघळला. हमीभावाने सोयाबीन घ्यायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून डेव्हलपरने कोडमध्ये थेट बारा लिहून टाकले. मी म्हटलं, हा आकडा केंद्रावरच्या माणसाला स्क्रीनवरून बदलता आला पाहिजे. तीन मीटिंगा त्यावर गेल्या. “नियम आहे तो, दर आठवड्याला बदलतो का?” असं मला हसून विचारण्यात आलं. दोन दिवसांचं काम वाढत होतं, एस्टिमेट बिघडत होतं. मी रिक्वायरमेंटमधून, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं त्या कागदातून, ती ओळ काढली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्के केली. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, बाजारात भाव त्याच्या बराच खाली, आणि पावसात भिजलेला माल घेऊन आलेल्या गाड्या. अशा वेळी बारा कोडमध्येच राहिले असते, तर आमच्या सॉफ्टवेअरने चौदा टक्क्यांच्या मालावर लाल खूण दाखवून गाडी परत पाठवली असती. क्लायंटच्या माणसाने आकडा बदलला, पाच मिनिटं लागली. आढाव्याच्या मीटिंगमध्ये ‘लवचिक डिझाइन’बद्दल कौतुक झालं ते डेव्हलपर मंडळींचं. मी त्या मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, लिहीत होते.

हो, मिनिट्स. मीटिंगमध्ये आठ माणसं असली आणि त्यांत एकच बाई असली, तरी “तू जरा एमओएम (मिनिट्स ऑफ मीटिंग) काढशील का?” हे तिलाच विचारलं जातं. तुमच्या लेखात हे नव्हतं. रात्री साडेआठचा परदेशी क्लायंटचा कॉल ऐन जेवणाच्या वेळेला येतो, तेही नव्हतं. प्रोजेक्ट वेळेत गेला की टीमचं यश, रखडला की ‘पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) काय करत होती?’ आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाला भर मीटिंगमध्ये “ही तारीख जमणार नाही” असं सांगायचं आणि वर संबंधही बिघडू द्यायचे नाहीत, याला बोलायचं काम म्हणत असतील तर मग वकिलीसुद्धा सोयीचीच म्हणायला हवी.

मधल्या अडीच वर्षांचंही सांगते. २०१२ मध्ये मुलगी झाली. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती (२६ आठवडे झाली ती २०१७ मध्ये). तीन महिन्यांचं बाळ टाकून हिंजवडीचा प्रवास जमेना, राजीनामा दिला. २०१४ च्या शेवटी परतले तेव्हा नव्या ठिकाणी ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ हे पद मिळालं. वेळापत्रक, अडचणींची यादी, क्लायंटशी बोलणं, टीमला काम वाटून देणं, सगळं मीच करत होते. पीएम म्हणून सही मात्र दुसऱ्याची. सहा वर्षं मी तक्रार केली नाही, हा माझा दोष.

तो दोष २०२१ मध्ये अंगावर आला. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अर्ज भरायचा होता. तेव्हा पदवीधराला आधीच्या आठ वर्षांतला ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागायचा, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. पद काय होतं ते बघत नाहीत, काम काय केलं ते विचारतात, आणि तपासणी निघाली तर जुन्या साहेबाने दुजोरा द्यायला हवा. त्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, “अगं, तू तर मिनिट्स काढायचीस.” मग ते मिनिट्सच उपसून काढले. सहा वर्षांच्या मेल्स. कोणता निर्णय कुणी मांडला, धोका कुणी आधी दाखवला, तारीख कुणी पाळून घेतली, सगळं माझ्याच हाताने तारीखवार लिहिलेलं. तेच त्यांना पाठवून दिलं, आणि दुजोरा मिळाला. परीक्षा घरूनच दिली. १८० प्रश्न, २३० मिनिटं, कॅमेरा चालू, खोलीत कुणी डोकवायचं नाही. अण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. दूधवाल्यालासुद्धा “हळू बोल, पोरगी परीक्षा द्यायलीय” म्हणून दटावलं. पोरगी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती.

संपादक महोदय, पुढचा लेख छापाल तेव्हा ‘इंग्रजी बोलता येतं का?’ हा प्रश्न जरा खाली घ्या. तो मलाही सुरुवातीला नडला होता, सहा महिन्यांत सुटला. पगाराचे आकडेही कमी चालतील. त्याऐवजी मुलींना हे सांगा की ऑफर लेटरवरचं पद वाचून मगच सही करा, आणि केलेलं काम पहिल्या दिवसापासून आपल्या नावाने लिहून ठेवा.

त्या गल्लीतल्या मुलीला मी कोर्सचं नाव सांगितलं नाही. अण्णांच्या ओळखीने एक सकाळ मार्केट यार्डात आडतीवर बसवली. सौद्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत जे जे दिसेल ते लिही, आणि जे कळणार नाही त्याचा प्रश्न लिही, एवढंच सांगितलं. दुपारी आली ती एकोणीस प्रश्न घेऊन. त्यातले दोन मलाही कधी सुचले नव्हते. एक असा: एकाच गाडीत दोन भावांचा माल असेल आणि काट्यावर तो एकत्रच तोलला गेला, तर पट्टी कुणाच्या नावाने निघते?

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय नाही. सोमवारच्या कॉलला मी हा प्रश्न घेणार आहे, आणि मिनिट्समध्ये तिचं नाव टाकणार आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
औसा रोड, लातूर
(नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.)